काय खाल्लं, हे विचारण्याआधी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. मी मिरजेत गेली २३ वर्षं मधुमेह असलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवण्याचं काम करते. औषधाचा डोस ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे, त्यामुळे ‘किती युनिट घेऊ’ या प्रश्नांना इथे उत्तर देत नाही. बाकी जे कळतं ते सगळं सांगते.

प्रश्न : ताई, मी ५४ वर्षांची, कराडजवळच्या गावात अंगणवाडी सेविका आहे. नऊ वर्षांपासून शुगर आहे, दोन गोळ्या चालू आहेत. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. तिच्याआधी चार दिवस मी भात आणि साखरेचा चहा बंद करते. तरी या वेळी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.४ आली. डॉक्टर म्हणाले, “काय खाता हो तुम्ही?” मला वर्गात उभं केल्यासारखं झालं. मुलाने पुण्याहून मीटर आणून दिलंय. अक्षय तृतीयेला जेवणानंतर एकदा बघितलं तर २४६. तेव्हापासून ते कपाटात साड्यांखाली आहे. बघायचीच भीती वाटते.

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आमच्या मागच्या पडवीतला स्पिरिटचा दिवा आठवला. १९८४-८५ ची गोष्ट. घरच्या घरी रक्तातली साखर बघायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. आई काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायची, त्यात स्वतःच्या लघवीचे आठ थेंब टाकायची आणि नळी दिव्यावर धरायची. रंग निळाच राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. विटकरी आला की आई चटकन नळी मोरीत ओतायची, धुवायची, आणि बाबांना ‘हिरवा’ सांगायची. कारण बाबांचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, “काय खाल्लंस?” बाबा मायेनेच विचारत. पण मी दहा वर्षांची होते आणि मला घाईघाईने नळी धुणारी आई दिसायची. तुमचं मीटर साड्यांखाली गेलं ते याच प्रश्नामुळे.

मीही पुढे तोच प्रश्न विचारला. नोकरीच्या पहिल्या वर्षी एसटीतले एक कंडक्टर साखरेची वही घेऊन यायचे. मी दोनशेच्या वरच्या प्रत्येक आकड्याभोवती लाल पेनाने गोल केला. पुढच्या महिन्यात वही आली ती १०८, ११२, ११०, ११५ अशी. सगळं एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेलं. गृहस्थ खोटारडे नव्हते. खरा आकडा दाखवला की काय होतं हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर मी लाल पेन वापरलं नाही.

आता तुमच्या २४६ कडे बघू. अक्षय तृतीया, म्हणजे ताटात आमरस-पुरी असणार. बोट साबणाने धुतलं होतं का, की पदराला पुसून टोचलं? बोटाला आमरसाचा अंश राहिला तरी आकडा खोटाच वर जातो. आणि धुतलं असेल, २४६ खराच असेल, तरी आमरस-पुरीनंतर तुमची साखर कुठवर जाते एवढंच त्याने सांगितलं. तुम्ही कशा आहात याबद्दल मीटरला काही कळत नाही.

चार दिवस भात सोडण्याचंही सांगते. लाल पेशी साधारण तीन-चार महिने जगतात आणि तेवढ्या काळात त्यांना जी साखर चिकटते तिचं मोजमाप म्हणजे एचबीए१सी. चार दिवसांनी ते हलत नाही. तुमची ८.४ म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांत साखर सरासरी १९५ च्या आसपास राहिली. आता ही सरासरी कुठल्या वेळी वर जाते, हे डॉक्टरांना त्या कागदावरून कळत नाही. ते फक्त तुम्हालाच कळू शकतं. वर्षातून चार वेळा दहा-दहा मिनिटं धरली तर डॉक्टरांची आणि तुमची भेट चाळीस मिनिटांची. वर्षाचे तास ८,७६०. उरलेला सगळा वेळ मधुमेह तुमच्याच हातात असतो.

म्हणून एक काम करा. रोज उठून बोट टोचायची गरज नाही. फक्त सकाळचा नाष्टा निवडा. आठवड्यातून तीन दिवस, खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा बघा. आठवड्याला सहा पट्ट्या लागतील. एक पट्टी वीसेक रुपयांना पडते, म्हणजे आठवड्याला एकशेवीसच्या आसपास. बोटाच्या मध्यावर टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. वहीत तीनच गोष्टी लिहा : आधीचा आकडा, काय आणि किती खाल्लं, नंतरचा आकडा. शेरा लिहायचा नाही. दुसऱ्या आठवड्यात नाष्ट्यातली एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

सांगलीतल्या एका बाईंनी असंच केलं होतं. दोन वाट्या पोह्यांनंतर त्या १२८ वरून २३१ वर गेल्या. पुढच्या आठवड्यात एकच वाटी पोहे, सोबत वाटीभर मटकीची उसळ, आणि खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर चालणं, तर १७२. (आता दोन गोष्टी बदलल्या, असं तुम्ही म्हणाल. तीन बदलल्या. मी पण तेच म्हटलं होतं, त्यांना धीर धरवला नाही.) जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत राहावी असं साधारण लक्ष्य असतं, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते खरं धरा. त्या बाई वही घेऊन आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. ‘पोहे खाऊ नका’ हे त्यांना अकरा वर्षं सगळे सांगत होते. पोहे किती खाल्ले तर चालतात, हे त्यांनी स्वतः शोधलं होतं.

अल्बर्ट बँड्युरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये याबद्दल मांडणी केली होती. ‘मला हे जमेल’ हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून जमल्यावर. त्याखालोखाल आपल्यासारख्याच माणसाला जमलेलं पाहून. नुसत्या सांगण्याने फार थोडा. तुम्ही अंगणवाडीत मुलांना मणी ओवायला देता तेव्हा हेच करता. मोठा मणी आधी देता, बारीक नंतर.

आणखी एक. मीटरच्या आकड्यात शंभरामागे पंधराचा फरक नियमातच मान्य आहे. १८० आणि १९५ यांत जीव अडकवू नका. पट्ट्यांची डबी घट्ट लावा, तारीख संपलेली पट्टी वापरू नका. पुढच्या तपासणीला वही डॉक्टरांपुढे स्वतःहून उघडा आणि म्हणा, “साहेब, माझी सकाळची साखर अशी जाते, यात काय करता येईल?” नऊ वर्षांत पहिल्यांदा प्रश्न तुमच्याकडून जाईल. मला तीन महिन्यांनी नक्की कळवा.

प्रश्न : रोज सकाळी कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड घेतली तर गोळ्या बंद करता येतील का? गावात एक जण ‘साखर मुळापासून घालवतो’ म्हणून पुड्या देतो.

उत्तर : गोळ्या बंद करू नका. कारल्याची भाजी आवडत असेल तर भाजी म्हणून जरूर खा. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही ती घेऊ नका, देणारा कितीही ओळखीचा असो. आणि अशी पुडी आधीपासून चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना माहीत नसेल तर साखर अचानक का उतरली किंवा मूत्रपिंडाचा रिपोर्ट का बिघडला, हे त्यांना उमगणार नाही.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे, लातूर जिल्ह्यात शेती करतात. मधुमेहाला १८ वर्षं झाली. डॉक्टरांनी आता इन्सुलिन सांगितलंय. वडील म्हणतात, “सुई लागली म्हणजे संपलं.” मी पुण्यात असतो, फोनवर समजावून थकलो.

उत्तर : फोनवर समजावू नका, एका रविवारी गावी जा. वडिलांच्या ओळखीत कुणाला तरी सुई लागली असेल आणि तो माणूस थोड्या दिवसांत गेला असेल. गेला तो बहुधा इन्सुलिन फार उशिरा सुरू झाल्याने, पण वडिलांच्या डोळ्यांनी पाहिलं ते सुई आणि मग तिरडी. त्यांना आधी ते नाव विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. मधे बोलू नका. मग एवढंच सांगा की अठरा वर्षांत स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची ताकद कमी होत गेली, आता बाहेरून द्यावं लागतंय. विहिरीचं पाणी आटलं तर शेतकरी टँकर आणतो, पीक सोडून देत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मी पहिल्या दिवशी औषध न भरता सुई माझ्याच पोटाला टोचून दाखवते. पेनाची सुई आता ४ मिलिमीटरची मिळते. खुरपं चालवणाऱ्या हाताला ती जाणवतही नाही. मग त्यांच्या हातात देते. घरच्यांच्या हातात देत नाही, कारण सून किंवा मुलगा सुई देऊ लागला की ती कायमची त्याच्याकडे राहते आणि तो परगावी गेला की डोस चुकतो.

तुम्ही गेलात की दोन गोष्टी डोळ्यांनी तपासा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, पेनातलं इन्सुलिन १०० युनिटचं. ४० च्या बाटलीला ४० चीच सिरिंज लागते, तिचं टोपण लाल असतं. १०० च्या सिरिंजचं नारिंगी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपटीने चुकतो. बाटली, सिरिंज आणि चिठ्ठी शेजारी ठेवून तिन्हींवरचा आकडा वाचा. दुसरी गोष्ट, टोचायची जागा रोज बदलायची. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, नऊ वर्षं इन्सुलिनवर, साखर कधी ३०० कधी ६०. मी त्यांना सदरा वर करायला सांगितला. बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढी मऊ गाठ. नऊ वर्षं तिथेच टोचत होते, कारण तिथे दुखत नव्हतं. अशा गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. इतक्या वर्षांत कुणी त्यांच्या पोटाला हात लावून पाहिलं नव्हतं. तुमच्याकडे कुणाला अशी गाठ असेल तर जागा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो.

प्रश्न : रामकृष्णहरी ताई. वय ६१. फलटण भागातला आहे. यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून पायी जायचं ठरवलंय. सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आणि रात्री इन्सुलिन आहे. मुलं नको म्हणतात. इन्सुलिन थंड कसं ठेवावं? बाकी तब्येत ठणठणीत. फक्त चालताना कधीकधी चप्पल पायातून निसटते ते कळत नाही.

उत्तर : माउली, तुम्ही विचारलंत इन्सुलिनचं, पण मला झोप लागणार नाही ती तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. चप्पल निसटलेली न कळणं म्हणजे पायाची जाणीव कमी झाली आहे. खडा टोचला, फोड आला, डांबर तापलं, तरी पाय सांगणार नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि मुक्कामी मोजा रक्ताने भिजलेला निघतो. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्याला स्पर्श करून बघतात, पाच मिनिटांचं काम आहे. पायावर आधीच जखम किंवा घट्टा फुटलेला असेल आणि डॉक्टर यंदा नको म्हणाले, तर ऐका. लोणंद ते फलटण एवढंच चाललात तरी ती वारीच आहे.

परवानगी मिळाली तर अनवाणी चालायचं नाही, नवस असला तरी. नवीन चप्पल नको, महिनाभर वापरलेले, मागून पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत, आणि सुती मोज्यांचे चार जोड. पावसात मोजे भिजले की लगेच बदला. संध्याकाळी तंबूत पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि आरशात तळवे बघा. नजर कमी असेल तर शेजारच्या वारकऱ्याला बघायला सांगा, तो आनंदाने बघेल. फोड फोडू नका. गरम पाण्यात पाय शेकू नका, पाणी किती गरम आहे ते तुमच्या पायाला कळणार नाही. खोबरेल लावायचं तर बेचक्या सोडून.

आता साखर. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणं म्हणजे साखर उतरणार, आणि पुणे ते सासवड टप्पा तर लांबच लांब, त्यात दिवे घाटाची चढण. तीच गोळी, तेच इन्सुलिन घेत राहिलात तर धोका आहे. निघण्याआधी डॉक्टरांकडून वारीच्या दिवसांचा डोस आणि एकादशीच्या उपासाचा डोस वेगळा लिहून घ्या. तोंडी नको, कागदावर. नाष्टा हातात आल्याशिवाय सकाळची गोळी घेऊ नका, दिंडीत नाष्टा दोन तास उशिरा मिळणं नेहमीचंच.

खिशात तीन-तीन चमचे साखरेच्या सहा पुड्या बांधून ठेवा. घाम, थरथर, धडधड, उगाच चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर थांबा, बसा, एक पुडी पाण्यात घालून प्या. पंधरा मिनिटांनी मीटरवर बघा. ७० च्या खाली असेल तर दुसरी पुडी. सावरल्यावर भाकरी किंवा केळं खा. पेढा-लाडू त्या वेळी कामाचा नाही, तुपामुळे साखर उशिरा चढते. हे सगळं तुमच्या पुढच्या-मागच्या वारकऱ्याला आणि विणेकऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा वाटेवरची आरोग्य पथकाची गाडी थांबवायची, हेही सांगा.

इन्सुलिनचं सोपं आहे. वापरात असलेली बाटली किंवा पेन उन्हापासून लांब, फार तापत नाही अशा जागी चार आठवडे टिकतं. दिंडीच्या ट्रकवर टाकू नका, पत्रा तापतो. बाटली कोरड्या प्लास्टिकच्या डबीत, डबी ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या झोळीत ठेवा. मुक्कामी लहानशा मातीच्या भांड्यात ठेवलीत तर उत्तम. बर्फाला टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

हे सगळं मुलांसमोर त्यांना करून दाखवा. पुडी कुठे आहे, आरसा कुठे आहे, कागद कुठे आहे. मग ते परवानगी देतात की नाही बघू.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची, टाइप १ मधुमेह (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही), दिवसाला चार इंजेक्शनं. आम्ही कोल्हापूरला असतो. दिवाळीनंतर शाळेची सहल मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाते. गेल्या वर्षी मी पाठवलं नाही, ती आठवडाभर बोलली नाही. यंदा आत्तापासून मागे लागली आहे. सगळी इंजेक्शनं मी देते. माझा धीर होत नाही.

उत्तर : हातात पाच महिने आहेत, भरपूर झाले. जूनमध्ये फक्त मीटर तिच्या हातात द्या. ती टोचेल, ती वाचेल, ती वहीत लिहील. जुलैत पेनावर युनिट ती लावेल, तुम्ही आकडा तपासाल, टोचाल तुम्हीच. ऑगस्टपासून दुपारचं एक इंजेक्शन तिचं, तुम्ही समोर. समोर म्हणजे हात मागे धरून. हात पुढे आला की ती थांबते आणि तुमच्याकडे बघते, हे मी कितीतरी मायलेकींत पाहिलंय. गणपतीत एक दिवस तिला मावशीकडे पाठवा, मीटर, पेन, साखर सगळं तिच्या पिशवीत. तिथे काही चुकलं तर तुम्ही अर्ध्या तासावर असाल. ही तिची छोटी सहल.

शाळा उघडली की वर्गशिक्षकांना आणि सहलीला जाणाऱ्या आणखी एका शिक्षकांना भेटा. साखर उतरल्यावर तुमची मुलगी कशी दिसते ते तिच्याच तोंडून सांगू द्या. कुणी गप्प होतं, कुणी रडतं, कुणी भांडतं. शाळेने खळखळ केली तर सांगा की सीबीएसईने २०१७ मध्येच टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ आणि साखरेच्या गोळ्या जवळ ठेवायला परवानगी दिली. परीक्षेच्या वर्गात चालतं ते सहलीच्या बसमध्ये का नाही? होडीत, किल्ल्यावर चढताना तिची पिशवी तिच्याच खांद्याला हवी, बसमध्ये राहिलेली पिशवी काही कामाची नाही.

तिला एक खरी गोष्ट सांगा. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली. तो १४ वर्षांचा होता आणि उपासाच्या आहाराने हाडांचा सापळा झाला होता. तोवर या मुलांसाठी दुसरं काही नव्हतंच. आणि त्याच काळात बॉस्टनमध्ये डॉ. इलियट जॉस्लिन रुग्णांना, त्यांच्या आयांना वर्गात बसवून तपासणी कशी करायची, सुई कशी भरायची हे शिकवत होते. औषध मिळालं त्याच दिवसापासून ते वापरायला शिकवणंही लागलं. तुमची लेक त्याच वर्गातली आहे.

सहलीच्या दिवशी दोनच फोन ठरवा, दुपारी जेवणाआधी आणि संध्याकाळी निघताना. मधे करू नका, फार कठीण जाईल, तरी करू नका. आणि रात्री ती बसमधून उतरेल तेव्हा वही मागण्याआधी किल्ला कसा होता ते विचारा.